चाळीस क्विंटल कापूस आणि आठ गाणी

समाजमंदिरात टाळी वाजवली की ती तीनदा परत यायची. ड्रमवर एक फटका मारला तर पत्र्यावर तुरी सांडल्यासारखा आवाज बराच वेळ घुमत राहायचा, आणि तो विरायच्या आत पुढचा फटका पडायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सलग तीन रात्री आम्ही तिथं आमच्या हार्ड रॉक बँडच्या अल्बमचं पहिलं गाणं रेकॉर्ड करायची खटपट केली. चौथ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा गिटार कुठली, झांज कुठली आणि बाहेर भुंकणारं कुत्रं कुठलं, काही केल्या उमगेना. गिटारवाला म्हणाला, "कुत्रंच जरा तालात हाय बे."

आम्ही चौघं यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातले. मी ड्रम वाजवतो आणि दिवसा तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, विम्याचे अर्ज. गिटारवाला माझा चुलतभाऊ, एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. बेसवाल्याची, म्हणजे खर्जातली गिटार वाजवणाऱ्याची, घरची पाच एकर शेती. गाणारा मात्र भूमिहीन घरातला. हंगामात दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणी करतो. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली त्याच्याइतक्या उंच आवाजात झडती, म्हणजे पोळ्याचं ओरडून म्हणायचं गाणं, टाकणारा आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. हार्ड रॉकसाठी गाणारा शोधावा लागला नाही तो त्यामुळंच. बँडचं नाव इथं देत नाही. जाहिरात करायची म्हणून हे लिहायला घेतलेलं नाही.

समाजमंदिराच्या आधी नागपुरातल्या एका स्टुडिओत चौकशी केली होती. दर तासावर होता. आठ गाण्यांना किती तास लागतील असं विचारलं, तर "ते तुमच्या तयारीवर आहे" असं उत्तर मिळालं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच धडकी भरली. आमची तयारी आम्हाला माहीत होती.

समाजमंदिरातली खटपट फसली त्याच आठवड्यात घरी मोठ्या खोलीत ताडपत्री शोधायला गेलो. दुसरा वेचा येऊन पडला होता. आतली लहान खोली छतापर्यंत भरलेली, आणि बाहेरच्या मोठ्या खोलीत तीन भिंतींना छातीइतका कापूस रचलेला. सगळा मिळून चाळीसेक क्विंटल. मायनं ओसरीतून काही विचारलं, मी उत्तर दिलं, आणि बोलता बोलता थांबलो. माझा आवाज तोंडातून निघून पुढ्यातच पडला होता. टाळी वाजवली. गेली ती गेलीच. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. माय दारात येऊन पाहत राहिली, पोरगा कापसापुढं उभा राहून टाळ्या का पिटून राहिला म्हणून.

आता यामागचं गणित कळतं, तेव्हा कळत नव्हतं. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती हवा कापसाच्या तंतूंत शिरली की घासून घासून तिचा जोर संपतो. पण पातळ थर फक्त बारीक, चिरका आवाज खातो. ढोलाचा ठोका, बेसचा खर्ज त्याला दाद देत नाही. १०० हर्ट्झच्या सुराची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, आणि तिला नीट अडवायचं तर तिच्या पावपट, म्हणजे पाऊण मीटरहून जास्त जाडी लागते. भिंतीला दोन-तीन इंच फोम चिकटवून ते होत नाही. आमच्या भिंतींना तीन-साडेतीन फूट कापूस होता, तोही आपल्याच वावरातला.

आणि तो कापूस लवकर जाणारही नव्हता. आदल्या हंगामात, २०२१-२२ ला, भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, पण आम्ही उधारी फेडायच्या घाईत आधीच आठ हजारांनी विकून बसलो होतो. ती गोष्ट बाबांच्या मनातून जात नव्हती. त्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ६,३८० होता, बाजारात आठ-साडेआठ हजार चालले होते, आणि गावातल्या प्रत्येक कास्तकाराच्या डोक्यात एकच आकडा बसला होता. दहा हजार. तोवर कापूस घरात. ज्याच्या घरी जावं त्याच्या पलंगामागं कापूस.

बाबांना विचारायला आठ दिवस लागले. रात्री जेवताना एकदाचं बोललो.

"बाबा, मोठ्या खोलीत ढोल ठेवू का?"

"कायचे ढोल?"

"आमचे. रेकॉर्डिंग करायचं हाय."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "ढोलानं कापूस पिवळा पडत नाई. पण ठिणगी पडली तं वर्षभराची राख होईन. लाइटीचं एकही बटन खोलीत चालू करायचं नाई. बिडीवाला कोणी असन तं तो आंगणाच्या बी आत येणार नाई. आन् मी कापूस देतो म्हटलं का त्या दिवशी ढोल बाहेर."

पुढचे पाच महिने आमचा अल्बम या तीन अटींवर चालला. कोणत्याही ध्वनितंत्रज्ञानं केली नसती इतकी खोलीची मांडणी या अटींनी केली. कंप्युटर, साउंड कार्ड, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं बाहेर सपरीत. खोलीत गेल्या त्या फक्त माइकच्या वायरी. कंडेन्सर माइकला त्याच वायरीतून ४८ व्होल्ट जातात, पण करंट अगदी नगण्य असतो, हे बाबांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस म्हंजे चार बॅटऱ्या झाल्या ना बे," आणि दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या. उजेडासाठी चार्जिंगचा टॉर्च खिळ्याला टांगला. त्या टॉर्चच्या उजेडात मी एकटा आत, तीन बाजूंनी कापूस, आणि खिडकीच्या गजांतून चुलतभावाचं तोंड. गाणं कुठं संपवायचं ते तो मुंडी हलवून सांगायचा.

गिटारचा अँप्लिफायर आत ठेवता येईना, म्हणून तो न्हाणीत गेला. न्हाणीला फरशी आहे, त्यामुळं गिटार चांगली खणखणीत आली. ड्रम कोरडे, म्हणजे न घुमणारे, आणि गिटार ओली, म्हणजे घुमणारी, असा जो आमच्या अल्बमचा आवाज आहे त्याची कोणी तारीफ केली की मी गप्प बसतो.

त्याआधी घरघर निस्तरावी लागली. गिटार जोडली की स्पीकरातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज. तार बदलली, बोर्ड बदलला, गिटारवाल्याला पूर्वेकडं तोंड करून उभं केलं. फरक नाही. गावातला वायरमन आला, मीटरजवळ टेस्टर लावून हसला आणि म्हणाला, "तुमच्या घराले अर्थिंगच नाई भाऊ." घर बांधलं तेव्हापासून नव्हतं. मग न्हाणीच्या मागं जिथं पाणी जातं तिथं हातभर रुंद आणि पुरुषभर खोल खड्डा खणला, लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, तांब्याची तार आणली. मीठ मायच्या डब्यातलं चालणार नव्हतं, दहा किलोचं खडा मीठ लागलं. घरघर निम्म्याहून कमी झाली. उरली ती आम्ही सुरात घेतली. लाइटीची कंपनं सेकंदाला ५०, आणि बेसवरचा खालचा जी सूर ४९ हर्ट्झच्या जवळ. दोन गाणी जीमध्ये नेली, तिथं घरघर तंबोऱ्यासारखी मागं बसली. कान देऊन ऐकलं तर आजही सापडते. आणि हो, फ्रिजचा करंट लागणं त्या दिवसापासून बंद झालं. त्यामुळं मायचा आमच्या संगीताला असलेला विरोध एकदम नरम पडला.

आम्ही कधी रेकॉर्ड करायचं हे आमच्या हातात नव्हतं. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. शेतीच्या लायनीला थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. ज्या आठवड्यात लाइट रात्रीची असायची त्या आठवड्यात बेसवाला थंडीत वावरात, पायात गमबूट आणि हातात काठी. म्हणजे आम्हाला एकाआड एक आठवडा. त्यातही लग्न, तेरवी, भागवत सप्ताह असला तर सुट्टी. कोणी विचारलं की आठ गाण्यांना पाच महिने का लागले, तर मी लाइटीचं वेळापत्रक दाखवतो.

ड्रमला माइक किती लावायचे यावर इंटरनेटवर भांडणं चालतात. आमच्या साउंड कार्डाला चारच तोंडं होती, त्यामुळं आमच्यात भांडण झालं नाही. एक पायढोलाला, एक स्नेअरला, म्हणजे पुढ्यातल्या तडतडणाऱ्या ड्रमला, दोन वर. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण करणारे ग्लिन जॉन्स यांची कमी माइकांची पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यातली मुख्य गोष्ट एवढीच की वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक माइक हातभर लांब राहिला तर तोच फटका तिथं किंचित उशिरा पोचतो आणि दोन्ही आवाज एकत्र केले की एकमेकांना खातात. जोडीतला एक बैल अर्धं पाऊल मागं राहिला तर वखर जसं वाकडं जातं, तसं. आम्ही सुतळीला गाठ मारून अंतर मोजलं. गाठ स्नेअरच्या मध्यावर धरायची आणि सुतळी ताणून दोन्ही माइकांना लावायची. ती सुतळी मी अजून ठेवली आहे, दुसरं काही मोजायला घेऊ देत नाही.

खरी पंचाईत क्लिकची झाली. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये सतत वाजणारी टिकटिक, तिच्यावर सगळ्यांनी वाजवायचं, म्हणजे पुढं कापाकापी करायला सोपं. मी ताल शिकलो तो खंजिरीवर. आमच्याकडं गुरुदेव सेवा मंडळाचं भजन असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावोगाव जी भजनाची रीत लावली, ती आजोबांनी मोझरीहून आणली आणि मी सात वर्षांचा असताना माझ्या हातात दिली. त्या भजनाची लय चढते. पहिल्या कडव्याला बसलेला माणूस शेवटच्या कडव्याला गुडघ्यावर आलेला असतो. माझे हात तसेच घडलेले. क्लिक लावली की दुसऱ्या मिनिटाला मी पुढं आणि टिकटिक मागं. तेरा वेळा वाजवलं, तेराही वेळा शर्यत मीच जिंकली.

त्या रात्री चुलतभावानं ब्लॅक सॅबथचा विषय काढला. हार्ड रॉकच्या कोणत्याही पहिल्या अल्बमबद्दल बोलताना त्याचं नाव निघतंच, पण आमच्याकडं ते कामापुरतं निघालं. बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली चार पोरं १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत गेली, एकत्र उभी राहिली, मैफलीत वाजवतात तसं वाजवलं, आणि बाराएक तासांत अल्बम आटोपून निघाली. तो १३ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आला. लेड झेपेलिननं तर पहिल्या अल्बमला स्टुडिओचे सगळे मिळून छत्तीसच तास घेतले असं त्यांचा गिटारवादक जिमी पेज सांगतो. "त्यायनं टिकटिक लावली होती का?" चुलतभावानं विचारलं. त्यांनी गाणी आधी कार्यक्रमांत घासून आणली होती आणि आमचे कार्यक्रम आजवर गणपतीतले तीन, हा फरक मी त्याला सांगितला नाही. क्लिक काढून टाकली. चौघं एकदम वाजवायला बसलो, मी आत, बाकीचे सपरीत. पहिलं गाणं चौथ्या वेळी बसलं. सुरुवातीपेक्षा शेवट चांगलाच जलद आहे, आणि मला तो तसाच आवडतो.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला म्हणायचा. त्यानं साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, आणि वाजवत राहिला. ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या बेसवाल्याला नवल वाटलं नाही. त्याच्या काकाचा अंगठा कडबाकुट्टीत गेलेला आहे आणि तो खंजिरी वाजवतो.

खोलीचा त्रास काय तो सांगतो, म्हणजे कोणाला करून पाहायचं असेल तर कल्पना येईल. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि अंगाला भयंकर खाज सुटते. फेब्रुवारीपासून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोजे आणि कानाला उपरणं बांधून ड्रम वाजवले. धूळ इतकी की गाणाऱ्याला आत दहा मिनिटं थांबवेना. खोकला सुरू झाला की कडवं गेलं. त्यामुळं त्याचा आवाज सगळ्यात शेवटी, दाराच्या उंबऱ्यावर उभं करून घेतला. तोंड आत, पाय बाहेर. मांजरीनं मधल्या ढिगात पिल्लं घातली होती. तिसऱ्या गाण्याच्या आधी जो बारीक आवाज येतो तो तिचा. काढता आला असता, काढला नाही.

गाण्यांबद्दल फार सांगत नाही, पण एका गाण्याबद्दल सांगावं लागेल. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. कापसाची पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली, फवारा वरून खाली यायच्या ऐवजी तोंडावर यायचा. आमचा गाणारा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि चार दिवस दवाखान्यात पडून होता. डोळ्यांपुढं सगळं धुरकट. त्यावर त्यानं स्वतः गाणं लिहिलं. मी आणि चुलतभावानं आधी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, प्रमाण भाषा, यमक वगैरे. तो म्हणाला, "तुमी फवारा मारला का कधी रोजानं?" मग आम्ही पेन खाली ठेवला. सुरुवात अशी आहे:

*पंप पाठीवर, वारा तोंडावर,*
*सांग मालका, औषध कोणावर?*

पुढचं झडतीच्या चालीनं. एकानं टाकायची आणि बाकीच्यांनी आरोळी ठोकायची. त्या आरोळीसाठी गावातले अकरा पोट्टे सपरीत उभे केले. रात्री साडेदहाला अकरा जण एकदम ओरडल्यावर पोलीस पाटील चौकशीला आले, आणि बारावे म्हणून उभे राहिले.

ब्लॅक सॅबथच्या अल्बमची सुरुवात पावसानं आणि लांबून येणाऱ्या घंटेनं होते. ते आवाज वाजवून झाल्यावर निर्मात्यानं वरून घातले. आम्हीही अल्बम आवाजानंच सुरू केला. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची मोटर, मग नोझलचा फुस्स, आणि थांबून थांबून चालणाऱ्या माणसाचे ढेकळांवरचे पाय. पंपात साधं पाणी होतं. तरी ते रेकॉर्ड करताना गाणारा वाऱ्याकडं पाठ करूनच चालला. सवय.

मार्चपर्यंत सहा गाणी झाली. एव्हाना भाव साडेआठचा आठ, आठचा पावणेआठ. रोज संध्याकाळी बाबा फोनवर हिंगणघाटचा भाव पाहायचे आणि खोलीच्या दारात उभं राहून कापसाकडं बघायचे. मी ड्रमच्या मागं बसलेला असलो तर आमची नजरानजर व्हायची. दोघंही काही बोलत नव्हतो. मला कापूस राहायला हवा होता आणि भाव चढायला हवा होता. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला जानेवारीत वाटलं होतं. एप्रिलमध्ये तसं उरलं नव्हतं. भाव पडला तरी माझी खोली शाबूत राहत होती. त्या महिन्यात मी जितकी रात्र जागलो त्यातली अर्धी ड्रमसाठी नव्हती.

मेच्या मध्याला खरिपाचं बियाणं, खत घ्यायची वेळ आली आणि बाबा म्हणाले, "उद्या गाडी येते." खेडा खरेदीवाला व्यापारी, ७,३०० रुपयांचा भाव, त्याचाच काटा. पाच महिन्यांत कापूस वाळून वजनही उतरलं होतं; चाळीसचे साडेअडतीस भरले. मी पहाटे ड्रम खोलले आणि सपरीत रचले. हमाल पाय देऊन देऊन कापूस गाडीत दाबत होते. दुपारी दोनला गाडी गेली. माय खराटा घेऊन खोली झाडायला लागली आणि त्या खराट्याचा आवाज चारही भिंतींवरून परत यायला लागला. मी दारात उभा होतो. टाळी वाजवायची गरज नव्हती.

दोन गाणी बाकी होती. आम्ही खोटा कापूस करून पाहिला. घरातल्या झाडून सगळ्या गाद्या, रजया, सोयाबीनच्या कुटाराची पोती, बेसवाल्याकडचे बारदाने. आवाज ना धड कोरडा, ना धड मोकळा. ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखा. चार रात्री वाया घालवल्यावर चुलतभाऊ वैतागून म्हणाला, "काढ हे सारं. जे हाय ते हाय." रिकाम्या खोलीत मी सातवं गाणं मुद्दाम हळू वाजवलं, कारण जलद वाजवलं तर फटके एकमेकांच्या अंगावर पडत होते. ते गाणं मुळात अल्बममधलं सगळ्यात वेगवान होतं. आता सगळ्यात संथ आहे. आठव्याला स्नेअर जवळजवळ सोडूनच दिला.

मिक्सिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र बसवण्याबद्दल, थोडक्यात. सेवा केंद्राच्या कंप्युटरवर संध्याकाळी शटर अर्धं ओढून केलं. रीपर नावाचं सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरू देतं आणि मग साठ डॉलरची परवानगी घ्यायला सांगतं, पण अडवत नाही. आम्ही शेवटी वर्गणी काढून पैसे भरले, नाहीतर उघडताना दर वेळी ते जी आठवण करून देतं तिची लाज वाटायची. एकदा एका आजोबांच्या सातबाराऐवजी "स्नेअर फायनल दोन" नावाची फाइल प्रिंटला गेली आणि अकरा पानं नुसत्या चौकटी निघाल्या. आजोबा म्हणाले, "वावराचा नकाशा हाय का?"

हेडफोनवर गोड वाटलेलं मिक्स बाहेर काढलं की फसायचं. मोबाइलवर बेस गायब, लग्नातल्या डीजेच्या खोक्यांवर नुसता बेस. अखेर आमची कसोटी ठरली ती ट्रॅक्टरवरची म्युझिक सिस्टिम. इंजिन चालू ठेवून गाण्याचे शब्द कळले तर मिक्स पास. मोठ्यात मोठा आवाज करायचा मोह मात्र मला आवरला नाही. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळी गाणी मोजून साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) पातळीला आणतात, म्हणजे आपण कितीही ओरडलो तरी ते बटन खाली करतात. दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथं उलट चपटं वाटतं. हे कळेपर्यंत सहा गाणी दाबून झाली होती. पुन्हा केली.

गाणी इंटरनेटवर चढवताना प्रत्येकाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, गाण्याचा आधार क्रमांकच समजा. ज्या कंपनीमार्फत चढवलं तिनं मुखपृष्ठ दोनदा परत पाठवलं. एकदा फोटो लहान म्हणून, दुसऱ्यांदा कारणच दिलं नाही. फोटो टॉर्चच्या उजेडातल्या खोलीचा, मध्ये ड्रम, भोवती पांढरं. तिसऱ्यांदा तोच पाठवला, मंजूर झाला. गाणी पोळ्याच्या आधल्या आठवड्यात आली. हार्डवेअरसकट एकूण खर्च त्रेसष्ट हजार. आलेल्या पैशांचा आकडा सांगण्यासारखा झाला की सांगीन.

बाबांनी अल्बम ऐकला नव्हता. ऐका असं मीही म्हटलं नव्हतं. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं ट्रॅक्टरवर तुरीच्या वावरातून परत येत होतो. सिस्टिममध्ये माझा पेनड्राइव्ह राहिला होता आणि त्यांनी भजन लावायला बटन दाबलं तर फवारणी पंप सुरू झाला. बंद करतील असं वाटलं. त्यांनी केलं नाही. फवारणीचं गाणं झालं, मांजरीचा आवाज आला तेव्हा किंचित हसले, नाला ओलांडला, पांदण लागली. घराजवळ येताना सातवं लागलं. दोनेक मिनिटं ऐकून त्यांनी गाडी हळू केली.

"हे कापूस गेल्यावरचं हाय का?"

"हाव."

ते आणखी थोडं ऐकत राहिले. मग दाराशी ट्रॅक्टर उभा केला, चावी काढली आणि म्हणाले, "ट्रॉली सोडून घे. आन् हवा पाय मागच्या चाकाची, कमी वाटून रायली."